चहाला थांबलं की न उठणारी अँबेसेडर: इलेक्ट्रिक पंप टाकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६९ ची अँबेसेडर मार्क टू, मूळचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. हिवाळ्यात काही तक्रार नाही. एप्रिल-मे आला की पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट गाडी चढते, पण वर चहाला दहा-पंधरा मिनिटं थांबलं की सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते आणि इंजिन काही उठत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मात्र पहिल्या सेल्फला सुरू. शिवाय शहरात सिग्नलला पाणी उकळतं. मेकॅनिक म्हणतो, व्हेपर लॉक आहे (उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो), पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप टाका. टाकावा का?

लगेच टाकू नका. कदाचित शेवटी टाकावा लागेल, पण आत्ता टाकलात तर दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे व्हायची शक्यता बरीच आहे. उन्हाळ्यात बंद पडलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला आपल्याकडे व्हेपर लॉकचं लेबल लावतात. प्रत्यक्षात 'गरम असताना बंद, गार झाल्यावर सुरू' हे लक्षण निदान चार वेगळ्या दुखण्यांचं असतं. गाडी गार झाली की चौघांचाही पुरावा नाहीसा होतो. म्हणून गाडी गॅरेजला नेऊन "बघा हो जरा" म्हणण्यात अर्थ नाही. निदान घाटातच करायचं, इंजिन तापलेलं असताना, पहिल्या पाच मिनिटांत. टूलबॉक्समध्ये एक जादा प्लग, एक फडका आणि पाण्याची बाटली एवढं ठेवा.

पहिलं काम: पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. फस्स असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं श्वासाचं बारीक छिद्र बुजलंय. पेट्रोल संपत जातं तसा टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप कितीही ओढला तरी पेट्रोल पुढे सरकत नाही. थांबलं की हवा हळूहळू आत शिरते आणि गाडी सुरू होते, की लोक म्हणतात बघा, गार झाल्यावर चालली! पॉलिश करताना कंपाउंड या छिद्रात भरून बसलेलं मी बऱ्याचदा पाहिलंय. असं काही निघालं तर खर्च एका टाचणीचा.

दुसरं, नाक. बॉनेट उघडल्यावर कच्च्या पेट्रोलचा उग्र वास येतोय का? एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या घशात बघा. आत ओलं दिसत असेल, तर पेट्रोल कमी पडत नाहीये, जास्त झालंय. इंजिन बंद केल्यावर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि उफाळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांत, उतरतं. याला पर्कोलेशन म्हणतात. व्हेपर लॉकमध्ये इंजिन उपाशी असतं, इथे ते बुडालेलं असतं. यावर इलेक्ट्रिक पंप लावणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं. अशा वेळी चोकला हात लावू नका, रेसचं पेडल सावकाश तळापर्यंत दाबा आणि तिथेच धरून ठेवा, पुन्हा पुन्हा मारू नका, आणि सलग आठ-दहा सेकंद सेल्फ द्या. काळा धूर सोडत गाडी उठली, तर निदान पक्कं.

तिसरं, करंट. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी वाफ उडून जाऊ द्या, मगच हे करा. एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावा, प्लगचं अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवा (कार्बोरेटरपासून लांब), आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळा, टणक स्पार्क हवा. पिवळट, मधेच गायब होणारा किंवा नसलेलाच असेल, तर पेट्रोलचा विचार डोक्यातून काढा. दोषी बहुतेकदा डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर, नाहीतर कॉइल. आजकाल बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर गार असताना उत्तम चालतात आणि तापले की गळतात. दर्जा इतका खालावलाय, की चालू अवस्थेतला जुना कंडेन्सर मी कधी फेकत नाही. कॉइलच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी करणारा वेगळा रोध) लागणारी कॉइल बॅलास्ट नसलेल्या गाडीला जोडली तर ती चालते, फक्त हात लावता येणार नाही इतकी तापते आणि मग दम सोडते. तुमची कॉइल कधी बदलली असेल तर तिच्यावर काय छापलंय ते वाचा. दीड ओहमच्या आसपासची असेल तर ती बॅलास्टची. साध्या बारा व्होल्टच्या कॉइलचा रोध तीन ओहमच्या आसपास असतो.

हे तीन निकाली निघाल्यावरच खरा व्हेपर लॉक. तोही पकडता येतो. एसी पंपाला (एसी कंपनीचा, इंजिनाच्या कॅमवर चालणारा पेट्रोल पंप) खाली किंवा बाजूला हाताने मारायची एक छोटी दांडी असते. ती वरखाली करा. कार्बोरेटरची वाटी भरली की दांडी सैल पडते, जोर लागेनासा होतो. वीस-पंचवीस वेळा मारूनही दांडी स्प्रिंगसारखी जोर घेतच राहिली आणि वाटी भरलीच नाही, तर पंपात पेट्रोलऐवजी वाफ आहे. (दांडी सुरुवातीपासूनच पूर्ण सैल लागली तर कॅम उंचीवर अडकलाय. सेल्फचा एक झटका द्या आणि पुन्हा बघा.) काचेची वाटी असलेला पंप असेल तर सोन्याहून पिवळं, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. आता पंपावर ओला फडका ठेवा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पाणी सांडू न देता, कारण तापलेलं बीड तडकतं. दोन-तीन मिनिटांत दांडीने पेट्रोल ओढायला सुरुवात केली तर शंका उरत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला पर्कोलेशनचा आणि खऱ्या व्हेपर लॉकचा संशय सारखाच आहे. दोघांचं मूळ एकच, बॉनेटखालची उष्णता, आणि सिग्नलला पाणी उकळणं हेही त्याच घरातलं. म्हणून दोन तक्रारी वेगळ्या धरू नका.

चहाच्या थांब्यालाच हे का होतं? गाडी चालू असते तोवर पंखा वारा देतो, पाणी फिरतं आणि टाकीतलं गार पेट्रोल सतत पंपातून जात राहतं. किल्ली फिरवली की तिन्ही बंद. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या लोखंडात साठलेली उष्णता मात्र तिथेच असते. ती वर चढते आणि पुढची दहा ते वीस मिनिटं बॉनेटखालचं तापमान उतरण्याऐवजी वाढतं. अँबेसेडरच्या बी-सीरिज या मूळ ब्रिटिश इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच अंगाला आहेत, कार्बोरेटर वर, एक्झॉस्ट त्याच्या खाली. इंग्लंडच्या हवेत ही रचना फायद्याचीच होती, मिश्रण गरम राहायचं. साताऱ्याच्या मे महिन्यासाठी ती कुणी आखली नव्हती.

त्यात पेट्रोलचा स्वभाव. पेट्रोल हा एक द्रव नाही, अनेक हायड्रोकार्बनांची खिचडी आहे. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उडायला लागतात, जड घटक २०० अंशांपर्यंत टिकतात. टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीवर चालते, म्हणजे तिथला दाब हवेच्या दाबापेक्षा कमी, आणि दाब कमी म्हणजे उकळणं आणखी लवकर. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि नळीत तीन बारच्या आसपास दाब असतो, त्यामुळे त्यांना याची झळ लागत नाही. आजचं पेट्रोल त्या गाड्यांना डोळ्यासमोर ठेवूनच तयार होतं.

आता इथेनॉल. २०२२ च्या मध्यापर्यंत देशात १० टक्के मिश्रण आलं, २०२३ पासून २० टक्के यायला लागलं, आणि आता पंपावर गेलात की तेच मिळतं. इथेनॉल एकटं ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमधल्या हलक्या घटकांच्या जोडीने ते त्याहून कमी तापमानाला उडतं. माझ्या मते त्याचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. शुद्ध पेट्रोल जाळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र, जुनाच ठेवला तर २० टक्के इथेनॉलवर इंजिन सात-आठ टक्के पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) मिश्रणावर चालतं. पातळ मिश्रण सावकाश जळतं, एक्झॉस्ट जास्त तापतो, मॅनिफोल्ड लाल होतो आणि सगळी उष्णता कार्बोरेटरच्या बुडाशी येऊन बसते. कार्बोरेटर सोलेक्स कंपनीचा असेल तर मेन जेटवरचा आकडा बघा. तो छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. ११५ चा जेट १२० केला तर छिद्राचं क्षेत्रफळ साधारण नऊ टक्के वाढतं, म्हणजे जवळपास हवं तेवढंच. एसयू कंपनीचा असेल तर जेटचा नट एक-दोन फ्लॅट (नटाच्या बाजू) खाली उतरवा आणि मग प्लगचा रंग बघा.

जेटइतकंच टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, महत्त्वाचं. पूर्वी साध्या पेट्रोलवर घाटात नॉकिंग व्हायचं म्हणून मेकॅनिक टायमिंग मागे ठेवायचे. आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन त्याहून बराच वरचा आहे, पण ती सवय अजून गेलेली नाही. टायमिंग मागे असलं की जळण्याचं काम सिलिंडरमध्ये पुरं होत नाही, ते एक्झॉस्ट पोर्टमध्ये पुरं होतं. बी-सीरिजच्या हेडमध्ये दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट एकाच पोर्टमधून बाहेर पडतो, त्यामुळे हेडचा मधला भाग आधीच सर्वात तापलेला. हेड व्हॉल्व्ह-सीटांच्या मधे तडकतात ती याच परिसरात. स्ट्रोब दिवा लावून टायमिंग तपासा आणि तेव्हाच व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे सरकवणाऱ्या डबीची) नळी तोंडाने ओढून बघा. प्लेट हलली पाहिजे आणि जीभ लावून धरल्यावर ओढ टिकली पाहिजे. पन्नास वर्षांच्या गाडीत त्यातला डायफ्रॅम, म्हणजे पडदा, फाटलेला असणं नेहमीचंच आहे, आणि तो फाटला की हायवेला आरामात चालतानाही इंजिन विनाकारण तापतं.

पाण्याच्या बाजूला आलो तर रेडिएटरपासून सुरुवात नको, ब्लॉकपासून करा. ब्लॉकच्या मागच्या बाजूला पाणी काढायचा नळ असतो. इंजिन गार असताना तो पूर्ण काढा. पाणी धो-धो यायला हवं. बऱ्याच गाड्यांत थेंबही येत नाही. तार घालून टोचलं की आधी गाळ येतो, तपकिरी, दाट, बोटांत घेतला तर खरखरीत, आणि मग पाणी. हा गाळ चौथ्या सिलिंडरभोवती साठतो, कारण पंपापासून सगळ्यात लांब तोच. रेडिएटर कितीही नवा टाकला तरी हा सिलिंडर भाजतच राहतो. नळाच्या भोकातून होज लावून उलट बाजूने फ्लश करा, स्वच्छ पाणी येईपर्यंत.

मग रेडिएटर. बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं टाकलेल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये क्षार बसणारच. इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्त झालाय. इंजिन तापवून कोअरवरून, म्हणजे रेडिएटरच्या नळ्यांच्या जाळीवरून, तो फिरवा. वरून खाली तापमान सावकाश उतरत गेलं पाहिजे. मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला, तर त्या नळ्या बुजल्या आहेत. हलका थर असेल तर सायट्रिक अॅसिड, किराणा दुकानातलं लिंबूसत्व, गरम पाण्यात घालून धुता येतं. पण कोअर जुना आणि पातळ झाला असेल तर क्षारांनीच बुजलेली भोकं उघडी पडतात. मला विचाराल तर रेडिएटरवाल्याकडून वरची टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, किंवा जास्त नळ्यांचा तांब्याचा नवा कोअर बसवा. नंतर फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि जुन्या धर्तीचं कूलंट. आजच्या काही ऑरगॅनिक कूलंटांचं शिशाच्या सोल्डरशी पटत नाही. महाराष्ट्रात बर्फाचा प्रश्न नाही, तेव्हा पन्नास टक्के कूलंट घालून पाण्याची उष्णता वाहायची ताकद कमी करू नका. पाव भाग पुरे, गंज रोखण्यापुरता.

रेडिएटरचं झाकण ही अगदी दुर्लक्षित वस्तू. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, सात पीएसआयच्या झाकणाने पाणी साधारण ११० अंशांच्या पुढे उकळतं. रबर वाळलं की झाकण नुसतं झाकण उरतं आणि पाणी १०० लाच उकळतं. घाटमाथ्यावर त्याहून आधीच, महाबळेश्वरच्या १३५० मीटरला साधारण ९५-९६ अंशांना. झाकण बदला, पण मूळ आकड्याचंच. जास्त पीएसआयचं लावलंत तर जुना कोअर आणि हीटरच्या नळ्या फुटतील. गरम असताना ते उघडू नका हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

थर्मोस्टॅट काढून टाकलाय का, हेही बघा. 'आपल्याकडे गरज नाही' म्हणून तो काढायची प्रथा आहे. उन्हाळ्यात त्याने फारसा फायदा होत नाही. ज्या रचनेत उघडलेला थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो, तिथे तर तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट बसवा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का ते पाहा.

खालच्या होजच्या आत स्प्रिंग आहे ना? ती नसेल तर वेगात पंपाच्या ओढीने होज चपटा होतो आणि घाटात नेमकं पाणी तुटतं. गाडी उभी असताना हे दिसत नाही. बॉनेट उघडून, रेस वाढवून कुणाला तरी बघायला सांगा. फॅनबेल्ट, पंखा आणि रेडिएटरमधलं अंतर, ग्रिल आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी या गोष्टी तासाभरात पाहून होतात. आणि हो, ग्रिलवर रॅलीचे बिल्ले, दोन फॉगलॅम्प आणि जोडीचे हॉर्न लावले असतील, तर मे महिन्यापुरते काढा. शोभा आहे हे मान्य, पण वारा त्यांच्यातूनच यायचा असतो.

सिग्नलला उकळतं म्हणून इलेक्ट्रिक पंखा लावायचा सल्ला तुम्हाला मिळेलच. तुमच्या गाडीला अजून डायनामो असेल तर हा सल्ला घेऊ नका. त्या काळचा लुकासचा सी४० जातीचा डायनामो जोरात असताना २२ अँपिअर देतो आणि आयडलला जवळपास काहीच नाही. पंखा खाणार आठ-दहा अँपिअर, तेही नेमके सिग्नलला. अल्टरनेटर बसवलात तर वेगळं. त्याआधी पंख्याभोवती पत्र्याचं श्राउड, म्हणजे वारा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं कडं, करून घ्या. कमी वेगात याचा फरक इलेक्ट्रिक पंख्याइतका जाणवतो आणि तो बॅटरी खात नाही.

आता पेट्रोलच्या बाजूचे उपाय, याच क्रमाने. कार्बोरेटरखाली बेकलाइटचा जाड स्पेसर आणि त्याच्याखाली अॅल्युमिनियमचा हीटशील्ड, कार्बोरेटरच्या वाटीपेक्षा थोडा रुंद. पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून जात असेल तर दूर वळवा. चकचकीत दिसतो म्हणून मॅनिफोल्डच्या डोक्यावर लटकवलेला काचेचा फिल्टर काढा. तो फुटला की आग हमखास. रबरी नळ्या सगळ्या बदला, जे३० आर९ (इंधनाच्या नळीचा दर्जा) छापलेल्या घ्या. जुन्या रबराला इथेनॉल आतून सोलतं, त्याचे कण फ्लोट नीडलखाली (वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी सुई) अडकतात आणि कडक झालेली नळी हवा घेते. पंपाचा डायफ्रॅमही इथेनॉल सहन करणारा हवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला कापडी पट्टी गुंडाळण्याच्या मी विरोधात आहे. पट्टीत ओल आणि उष्णता दोन्ही कोंडतात आणि जुनं बीड तडकतं.

यापुढचा आणि मला सर्वात आवडणारा उपाय म्हणजे परतीची नळी. कार्बोरेटरच्या तोंडाशी टी बसवायचा, त्याच्या एका पायात मिलिमीटरभर छिद्राचं जेट, आणि तिथून बारीक नळी टाकीपर्यंत. वाफ झाली तर ती टाकीकडे निघून जाते आणि थोडं पेट्रोल कायम फिरत राहिल्याने पंपही गार राहतो. मारुती ८०० च्या कार्बोरेटरवाल्या गाडीत पंपालाच अशी परतीची नळी होती. अँबेसेडरवाल्यांनी ही गोष्ट तिच्याकडून कधीच उचलायला हवी होती.

एवढं करून पाहा, आणि तरीही घाटमाथ्यावर अडलंच, तर पंप टाका. पण तो बॉनेटखाली लावलात तर पैसे पाण्यात, कारण ओढ तशीच राहिली. पंप टाकीजवळ आणि टाकीच्या पातळीच्या खाली बसवायचा, म्हणजे पूर्ण नळीत दाब राहील. दाब दोन ते साडेतीन पीएसआयच. इंजेक्शनच्या गाडीचा स्वस्तात मिळालेला पंप लावलात तर नीडल उचलून पेट्रोल रस्त्यावर वाहील. त्याची वायर फ्यूज आणि रिलेमधून घ्या आणि इंजिनचा ऑइल प्रेशर गेला की पंप बंद पडेल असा स्विच जोडा, म्हणजे अपघातात किल्ली चालू राहिली तरी पेट्रोल वाहत राहणार नाही. पंपाच्या आधी फिल्टर. गाडीत दोन किलोचा ड्राय पावडरचा सिलिंडर, हाताशी, डिकीत नव्हे.

तोवर घाट चढल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. बॉनेट उघडून दोन-तीन मिनिटं थोड्या वाढीव आयडलला चालू ठेवा, मग बंद करा आणि बॉनेट उघडंच ठेवा. सावलीत उभी करून बॉनेट बंद ठेवण्यापेक्षा उन्हात उभी करून उघडं ठेवलेलं बरं.

पुढच्या वेळी घाटात अडलात की टाकीचं झाकण, वास, करंट, दांडी या क्रमाने बघा आणि काय निघालं ते लिहा. जेट आणि टायमिंग बदलल्यावर पन्नासेक किलोमीटर चालवून चारही प्लग काढा. पोर्सेलिन पांढरंफटक असेल तर जेट अजून लहान आहे, फिकट तपकिरी असेल तर जेटला हात लावू नका. एक-दोन किंवा तीन-चार ही जोडी पांढरी आणि दुसरी जोडी तपकिरी असेल तर त्या जोडीच्या सामाईक इनलेट पोर्टपाशी मॅनिफोल्डचं गॅस्केट हवा घेतंय, आधी ते बदला.